कौलारू घराची गच्ची

ग्वाल्हेरच्या दाना ओलीतल्या दिनकरराव मोहित्यांना भुताची भीती वाटते, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. सत्तरीला टेकलेला माणूस, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म काढलेला, मिशा अशा की नवखा हमाल लांबूनच सलाम ठोकायचा. पण दिवेलागणीनंतर मागच्या जिन्यावरचा दिवा गेला तर हा गृहस्थ वर पाऊल टाकायचा नाही. खालूनच हाक मारायचा, "ताई, आहेस ना गं वर?" आणि वरून उषाताई ओरडायची, "नाही, मेले मी! भूत बोलतंय!" मग हे हसत हसत, पण भिंत धरूनच, जिना चढायचे.

उषाताई त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा दिनकरराव अजून चड्डीची नाडी बांधायला शिकत होते आणि ताई नुकती परकरातून साडीत आली होती. वडील पोलिसात, सदा बंदोबस्तावर. पोराला जेवू घालायचं, निजवायचं, गल्लीत उंडारण्यापासून थोपवायचं हे सगळं ताईनं केलं ते निव्वळ भुतांच्या जोरावर. पिंपळावरचा मुंजा, किल्ल्याच्या पायथ्याशी भेटणारी पांढऱ्या लुगड्यातली बाई, बिनमुंडक्याचा घोडेस्वार. रोज नवं भूत, आणि एकेका घासाला एकेक वाक्य. परिणाम असा झाला की ऐकून ऐकून भाऊ जन्माचा भित्रा झाला आणि सांगून सांगून बहिणीला भुतांचं व्यसन लागलं. स्वतः ती कशालाच भीत नसे. भीती वाटावी म्हणून पुस्तकं वाचायची आणि वाटली नाही म्हणून लेखकांना नावं ठेवायची.

लग्नं दोघांचीही राहून गेली. ताईचं राहिलं ते धाकट्याला टाकून जायचं कसं म्हणून. धाकट्यासाठी पुण्याकडचं एक स्थळ आलं होतं. त्या मंडळींनी यांचं मराठी ऐकून "तुम्ही मूळचे कुठले?" असं इतक्यांदा विचारलं, की दिनकररावांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मूळचे तुमच्याच इकडचे. दोनशे वर्षांमागे निघालो, परतायला जरा उशीर झाला." बैठक तिथंच मोडली. ताईनं वरवर पुष्कळ रागावून घेतलं, पण रात्री पुरणपोळी केली.

ती मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. मराठी घेणाऱ्या मुली आटत गेल्या तशी हिंदी शिकवू लागली, आणि निवृत्त झाली तेव्हा मराठी मंडळाच्या कपाटातली भुताखेतांची सगळी पुस्तकं तिची तीन-तीनदा वाचून झाली होती. मग मधुमेहानं आधी तिचे डोळे नेले. तेव्हापासून वाचायचं काम दिनकररावांकडे आलं. दुपारी जेवणं झाली की ताई आडवी व्हायची आणि हे खुर्ची ओढून वाचायला बसायचे. वाचता वाचता यांचाच आवाज कापायला लागायचा, पान उलटायला बोट धजायचं नाही. ताईला पुस्तकापेक्षा त्याचीच मौज जास्त. "थांब, थांब," ती म्हणायची, "पाणी पी. मग वाच."

डोळ्यांनंतर किडन्या गेल्या. पडाव नावाच्या वस्तीकडे जाताना एका इमारतीच्या तळमजल्यावर डायलिसिसचं सेंटर आहे, तिथं आठवड्यातून दोनदा जायचं ठरलं. ऑटोतून जायचं, तीन-चार तास खुर्चीत हात ताठ ठेवून पडायचं, आणि पिळून काढलेल्या कपड्यासारखं घरी यायचं. काही महिने ताईनं ते केलं. मग दसऱ्यानंतरच्या एका सकाळी चहाची बशी खाली ठेवत ती सहज म्हणाली, "दिन्या, आता बस झालं. शाळेतून रिटायर झाले, तशी यातूनही होते. मी नाही जाणार."

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, थांबवलं तर आठवडा, फार तर दोन. दिनकररावांनी समजावलं, चिडून पाहिलं, जेवण सोडायची धमकीसुद्धा दिली. ताई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "झालं तुझं? आता ती उशी सरकव."

नेमक्या त्या दिवसांत लीलाताई पुण्याहून परतल्या. मराठी मंडळाच्या या लीलाताई म्हणजे ग्वाल्हेर आणि पुणे यांच्यामधला पूलच. मुलाकडे दोन महिने राहून आल्या की तिकडचं नाटक, तिकडची बाकरवडी आणि तिकडची मतं, सगळं बांधून आणायच्या. या खेपेला त्यांनी कादंबरी आणली होती. ‘परसातली चौथी बाई’.

"अहो उषाताई, काय सांगू! बक्षीस मिळालंय, तीन आवृत्त्या संपल्या," लीलाताई पलंगाच्या काठावर बसून सांगू लागल्या. "अशी भीती मराठीत आजवर कुणी लिहिलीच नाही म्हणतात. माझी सून एवढी शिकलेली, पण पंधरा दिवस न्हाणीघराचं दार उघडं ठेवून अंघोळ करत होती."

ताईनं मान वळवली. कित्येक दिवसांत कशासाठीच वळवली नव्हती अशी वळवली. "आण इकडे," ती म्हणाली. डोळ्यांना दिसत नव्हतं तरी तिनं पुस्तक हातात घेतलं, नाकाशी धरून वास घेतला, जाडी चाचपली. "दिन्या, खुर्ची घे."

दिनकररावांनी आयुष्यात कधी सौदा केला नव्हता. भाजीवाल्यानं सांगितला भाव ते मुकाट मान्य करत. पण त्या दिवशी त्यांना काय सुचलं कोण जाणे. त्यांनी पुस्तक ताईच्या हातातून काढून घेतलं आणि सेंटरला न्यायच्या पिशवीत टाकलं.

"वाचेन. पण तिथं. मशीन सुरू झाल्यावर. घरी एक ओळही नाही."

लीलाताई दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"जिद्दी कुठला," अखेर ताई म्हणाली. "ठीक आहे. पुस्तक संपेपर्यंत. त्यापुढे मला काही म्हणायचं नाही."

पुस्तक जाडजूड होतं. दिनकररावांनी त्या रात्री देवापुढे उदबत्ती लावली ती त्या जाडीसाठी.

आणि खरं सांगायचं तर पुस्तकाची सुरुवात होतीच तशी. कोकणातलं एका खोतांचं कौलारू घर. घरात तीन जावा. एका तिन्हीसांजेला तिघी परसातल्या विहिरीवर पाण्याला जातात आणि परत येतात त्या चौघी. घरात कुणाला काहीच वेगळं वाटत नाही. सासूला चार सुना आठवतात, चौघींची माहेरं आठवतात, फडताळात चार शालू निघतात. मग लांबचा एक पाहुणा येतो आणि पान खाता खाता म्हणतो, "तुम्ही तर तिघी होतात ना?" तिथून चौघींची झोप उडते. कारण आपल्यातली वरची, जास्तीची कोण, हे चौघींपैकी एकीलाही ठाऊक नसतं. प्रत्येकीला वाटतं, मीच असले तर?

दिनकरराव ओळीवर बोट घट्ट दाबून वाचत होते. सेंटरमधली नर्स स्मृती, जवळच्या दौलतगंज भागातल्या एका मराठी घरची मुलगी, सुया लावायला आली ती तशीच उभी राहिली. शेजारच्या खुर्चीतल्या मारवाडी शेटजींना मराठी कळत नव्हतं, पण तेसुद्धा मोबाइल बंद करून यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ताईनं मोकळा हात पुढं केला. "दिन्या, हात लाव. काटा आलाय बघ माझ्या अंगावर." खरंच आला होता. सुकलेल्या त्या हातावरची लव उभी राहिली होती. "हा माणूस लिहिणारा आहे," ताई म्हणाली. दिनकररावांना इतका आनंद झाला की भीती वाटायची ते विसरूनच गेले.

पुढचे कितीतरी आठवडे ताई ठरल्या वेळेच्या आधी तयार होऊन बसू लागली. ऑटोत तिचे तर्क सुरू व्हायचे. मधली असणार. नाही, धाकटी, धाकटीला पाण्याचा आवाज आवडतो असं कशाला लिहिलं असेल मग? दिनकरराव मुद्दाम सावकाश वाचायचे, मध्येच चष्मा पुसायचे, एकच परिच्छेद दोनदा वाचायचे. पुस्तक अर्ध्यावर आलं.

अर्ध्यावर आलं आणि पुण्याहून डॉक्टर आला.

गोष्टीत आला. खोतांच्या घरी मुक्कामाला आलेला मनाचा डॉक्टर. आल्या आल्या त्यानं धाकटीला समोर बसवलं आणि तिच्या बालपणाबद्दल विचारायला सुरुवात केली. पानामागून पान तो विचारत राहिला आणि मग पानामागून पान समजावून सांगत राहिला. चौथी बाई कुणी नाहीच. धाकटीच्या मनाला झालेला तो भास, आणि ही सगळी हकिगत तिच्याच तोंडची, म्हणून खोटी.

"हा कोण आता?" ताईनं विचारलं.

"डॉक्टर आहे."

"भुताच्या गोष्टीत डॉक्टर कशाला? डॉक्टर काय इथं कमी आहेत?"

स्मृती हसली, पण ताई हसत नव्हती. तिनं आणखी दोन पानं ऐकली. मग म्हणाली, "बंद कर."

"अगं, पुढं असेल काही..."

"बंद कर म्हणते ना. एवढी वाहवा, एवढी बक्षिसं, आणि शेवटी काय, तर एक बाई वेडी. विहीर पण फालतू आणि चौथी पण फालतू. मला वाटलं होतं मरायच्या आधी एक तरी धड भूत भेटेल." घरी येताना ऑटोत ती एकदाच बोलली. "पुस्तक संपलं, दिन्या."

त्याचा अर्थ दिनकररावांना चांगलाच कळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई झोपल्यावर ते खिडकीशी पुस्तक घेऊन बसले आणि उरलेलं सगळं एकट्यानं वाचून काढलं. डॉक्टर शेवटपर्यंत हलला नाही. धाकटीला गोळ्या सुरू झाल्या, घर विकलं गेलं, आणि शेवटच्या पानावर डॉक्टर व्हरांड्यात चहा पीत मानवी मनाबद्दल विचार करत होता. दिनकररावांनी आयुष्यात पहिल्यांदाच भुताचं पुस्तक एकट्यानं वाचलं आणि त्यांना कणभर भीती वाटली नाही. त्याचंच त्यांना रडू आलं. त्यांनी तडक लीलाताईंना फोन लावला.

"शेवट वाचलात तुम्ही?"

"अप्रतिम! मनाचा काय तळ गाठलाय, नाही?"

"वाचलात का, ते विचारतोय."

"म्हणजे... शेवटचं जरा चाळलं," लीलाताई म्हणाल्या. "पण सगळे तसंच म्हणतात ना."

दिनकररावांनी फोन ठेवला आणि त्या कधी न पाहिलेल्या लेखकाला अशा शिव्या हासडल्या की पार्सल ऑफिसातले जुने हमालही चपापले असते. अरे, तुझ्या हातात एवढी गोष्ट होती. एक बाई तुझ्या भरवशावर आठवड्यातून दोनदा सुया टोचून घ्यायला येत होती. आणि तू डॉक्टर बोलावलास?

संध्याकाळी ते ताईच्या पलंगाशी गेले. "ताई, तो डॉक्टर मेला."

"कधी?"

"पुढच्याच पानावर. विहिरीवर पाय घसरला."

"खरं?"

"मी कशाला खोटं बोलू? आता खरी मजा आहे पुढं. तू उगाच घाई केलीस."

ताईनं मिटलेल्या डोळ्यांनी जरा विचार केल्यासारखं केलं. "बरं," ती म्हणाली. "उद्याचा ऑटो सांगितलायस ना?"

अशा रीतीनं सत्तराव्या वर्षी दिनकरराव मोहिते कादंबरीकार झाले. पुस्तक समोर उघडं धरायचं, अधूनमधून पान उलटायचं आणि तोंडानं मनातलं सांगायचं. पहिल्या दिवशी घामानं सदरा ओला झाला. पण हळूहळू त्या चार बायका त्यांच्या मागंच लागल्या. दौलतगंजात भाजी घेताना हातात दोडका धरून ते उभे राहायचे आणि मागून लोक म्हणायचे, "बाबूजी, लेना हो तो लो." त्यांच्या गोष्टीत डॉक्टरला विसरून चौघी पुन्हा कामाला लागल्या होत्या. त्यांना एवढंच कळलं होतं, की वरची कोण ते ज्या दिवशी ठरेल त्या दिवशी तिला विहिरीकडे परत जावं लागेल. म्हणून त्यांनी ते न ठरवण्याचं ठरवलं. घरात मोजणं बंद झालं. आंबे मोजायचे नाहीत, भाकऱ्या मोजायच्या नाहीत. पाहुणा दिसला की एक जण गोठ्यात जाऊन बसायची, आणि रोज निराळी.

"काका, मला तर मोठीवालीच वाटते," स्मृती मशीनचे आकडे बघता बघता म्हणायची. "वो कभी रोती नहीं है. भूत लोक रडत नाहीत ना?"

"थोरल्यांना रडायला वेळ नसतो, बाळ," ताई म्हणायची.

पौष लागला. सेंटरच्या काचांवर धुकं साचायला लागलं. दिनकरराव रंगात आले होते. त्यांनी सांगितलं की कडाक्याची थंडी पडली, तेव्हा चौघी जावांनी पेटीतल्या रजया काढल्या, गच्चीवर उन्हात पसरल्या, आणि तिथंच पाय पसरून तिळाची गजक खात बसल्या. बसल्या बसल्या सावल्या किती पडल्यात ते बघायचं नाही म्हणून चौघींनी डोळे मिटून घेतले. हे सांगताना त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की ते दोनदा म्हणाले. ताई नुसती गालात हसली.

ऑटो गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा ती म्हणाली, "दिन्या, कौलारू घराला गच्ची कुठून रे आली?"

दिनकरराव रस्त्याकडे पाहू लागले.

"आणि कोकणात रजया. वर गजक पण. आपल्या मुरैन्याहून पार्सल आलं का त्यांना?"

"ताई..."

"तू कोकण पाहिलंयस का कधी?"

"नाही."

"मी पण नाही. पण एवढी पुस्तकं वाचली, त्यात गच्ची कुठं दिसली नाही मला."

दिनकररावांनी पिशवी छातीशी धरली. "कधी ओळखलंस?"

"डॉक्टर मेला तेव्हाच. बक्षीस मिळालेला लेखक डॉक्टरला इतक्या घाईत मारत नाही."

"मग येत का राहिलीस?"

ताईला उतरायला आधार लागायचा. तिनं त्यांचा दंड धरला, पाय खाली टेकवला, आणि दम खात म्हणाली, "जन्मभर मी सांगितलं नि तू ऐकलंस. मला कुणी सांगितलं होतं? तू सांगून तर बघत होतास. गच्ची राहू दे. छान आहे गच्ची."

त्यानंतरचे दिवस दिनकररावांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते असं म्हटलं तर कुणाला पटणार नाही. पण तसं होतं खरं. आता लपवायचं काही नव्हतं. ताई मध्येच थांबवून दुरुस्त्या सुचवायची, हे रुसायचे, मग दुरुस्ती घ्यायचे. पुस्तक पिशवीत तसंच पडून राहायचं.

पण शरीर काही गोष्ट ऐकून चालत नाही. माघ सरता सरता मशीनवर बसलं की ताईचं प्रेशर घसरायला लागलं. हातातली नस बंद पडली. दुसऱ्या हातातली काही दिवस चालली, मग तीही बंद पडत आली. डॉक्टरांनी बाहेर बोलावून दिनकररावांना सांगितलं, आता मानेतून नळी टाकावी लागेल. टाकली तरी फार काही हाती लागेल असं नाही. ताईला डोळ्यांनी दिसत नसलं तरी कानांनी सगळं ऐकू येत होतं.

"मानेत नाही," ती घरी आल्यावर म्हणाली. "तू आता शेवट कर."

"अजून पुष्कळ आहे, ताई. सासूचं राहिलंय, पाहुणा परत यायचाय..."

"तू लांबण लावून राहिलायस, दिन्या. मास्तरीण आहे मी, कळतं मला. हातातली ही नस अजून एक खेप चालेल म्हणालेत. तेवढ्यात शेवट कर."

दिनकरराव दुपारभर खिडकीशी बसले. शेवट करायचा म्हणजे काय करायचं? चौघींतली एक परत पाठवायची. त्यांनी मनाशी मधलीला विहिरीकडे नेऊन पाहिलं. ती काठापर्यंत गेली आणि यांनीच तिला हात धरून मागं आणलं. दुसरीला नेलं, तिचंही तेच. महिनोन्‌महिने त्या चौघींना यांनी भाकऱ्या थापायला लावल्या होत्या, उन्हात बसवलं होतं. कोणालाही पाण्यात ढकलणं त्यांना जमेना.

मग त्यांनी पिशवीतून ते पुस्तक काढलं आणि डॉक्टरची पानं पुन्हा वाचली. वाचता वाचता त्यांच्या एकदम लक्षात आलं. त्या लेखकालाही कुणाला परत पाठवायचं नव्हतं. म्हणून त्यानं डॉक्टर बोलावला. चौथी नव्हतीच असं एकदा ठरलं की कुणालाच जावं लागत नाही. बिचारा. एवढ्या शिव्या आपण त्याला उगाच घातल्या. निदान त्याच्याजवळ बोलवायला डॉक्टर तरी होता; यांचे डॉक्टर हात टेकून बसले होते.

ती एक खेप झाली. दिनकररावांनी पाहुण्याला परत आणला, सासूला ताप आणला, आणि मशीन बंद व्हायची वेळ झाली तेव्हा म्हणाले, "शेवट पुढच्या वेळी." स्मृतीनं सुई काढून कापूस दाबला आणि दाबलेला हात नेहमीपेक्षा जास्त वेळ तसाच ठेवला.

पुढच्या वेळची सकाळ उजाडली. दिनकररावांनी पिशवी भरली, शाल घेतली, ताईच्या चपला पलंगाशी आणून ठेवल्या. गल्लीच्या तोंडाशी ऑटोचा भोंगा वाजला.

"त्याला जा म्हण," ताई म्हणाली.

"ताई, चल. एवढ्या वेळी चल. नळीचं विचारू आपण, दुखणार नाही असं म्हणत होते डॉक्टर. मला शेवट सुचलाय, तिथं सांगतो."

"नाही, दिन्या."

"मग मी काय करू?" दिनकरराव एकदम ओरडले. सत्तर वर्षांत ताईवर आवाज चढवला नव्हता. "मी एकटा काय करू या घरात? तुला काय, तू सुटशील. मला भीती वाटते, ताई. तुला ठाऊक आहे मला भीती वाटते."

"ठाऊक आहे," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मीच लावली ना ती सवय. जा, त्याला सांगून ये. मग इथं बस."

भोंगा पुन्हा वाजला. दिनकरराव खाली गेले. ऑटोवाल्यानं "आज नहीं, बाबूजी?" म्हणून विचारलं, यांनी नुसती मान हलवली. ऑटो वळून दौलतगंजाच्या दिशेनं निघून जाईपर्यंत ते तिथंच उभे होते. मग वर आले, खुर्ची ओढली आणि पलंगाशी बसले. हातात पुस्तक नव्हतं. घरी गोष्ट सांगायची नाही असं त्यांचंच बोलणं होतं, पण आता त्या बोलण्याच्या मोबदल्यात मागण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"तिन्हीसांज झाली," ते म्हणाले. "घरातलं पाणी संपलं. चौघींनी घागरी घेतल्या."

"पुढं कोण होती?"

"थोरली."

"हं."

"परसात अंधार होता. वाट पायाखालची होती. कुणी कुणाशी बोललं नाही. विहिरीवर चारी घागरी भरल्या." दिनकररावांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. "मग परत यायला निघाल्या."

"किती आल्या परत?"

खाली गल्लीत कुणीतरी रेडिओ लावला आणि लगेच बंद केला. ताई वाट पाहत होती. वर्गात उत्तर येणाऱ्या पण न देणाऱ्या मुलीची वाट पाहावी तशी, घाई न करता.

"तिघी," ते म्हणाले.

"कोण राहिली?"

दिनकररावांना ते केव्हापासून ठाऊक होतं. तोंडातून मात्र निघेना.

"थोरली," ते अखेर म्हणाले.

ताईनं श्वास सोडला. कुणीतरी कपाळावर गार हात ठेवावा तसा तिचा चेहरा निवला. "बरोबर केलंस," ती म्हणाली. "तसंच हवं होतं. तिनं मागं वळून पाहिलं का?"

"पाहिलं. एकदा."

"आणि धाकटी?"

दिनकररावांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्यांना शुद्ध नव्हती. "धाकटीनं घरी येऊन चार पानं मांडली. सासू म्हणाली, अगं, तिघीच तर आहात, चौथं कुणाला? ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पण तिनं चारच मांडली. तिसऱ्या दिवशी पण."

"उचललं नाही तिनं ते चौथं?"

"नाही. तिला नाही जमलं, ताई."

ताईचा हात चादरीवरून चाचपडत आला आणि त्यांचं मनगट सापडल्यावर तिथंच थांबला.

"उचलेल रे," ती म्हणाली. "थोडे दिवस जातील. मग उचलेल."